दुभाष्याचा वेग

भाषांतरकाराच्या वाट्याला शाबासकी क्वचितच येते. पुस्तक गोड झाले तर वाचक मूळ लेखकाला धन्यवाद देतो. रटाळ झाले तर भाषांतरकाराच्या नावाने बोटे मोडतो. काहीजण त्याच्याही पुढे जातात आणि भाषेलाच दोष देतात. "मराठीत ते तितकंसं उतरत नाही हो," असे म्हणणारे गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. इतकी वर्षे मराठी शिकविल्यानंतर या वाक्याची मला सवय झाली आहे. परंतु हेच वाक्य संगणकावरच्या खेळांच्या बाबतीत आपल्या कानी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

विषय खेळांचाच आहे. दिवाळीचे दिवस आहेत, मुले सुट्टीवर आहेत, आणि ज्या घरात मुले सुट्टीवर आहेत त्या घरात हा विषय टाळून टळत नाही. तेव्हा चकली मोडता मोडता वाचायला हरकत नाही.

आमच्या घरात हा विषय शिरला तो असा. माझी थोरली बहीण केज तालुक्यात राहते. दाजींची शेती कोरडवाहू. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात त्यांचे काढणीला आलेले सोयाबीन गेले. त्यांचा मुलगा अंबाजोगाईला आमच्याकडे राहून संगणकशास्त्र शिकतो. घरात २०१६ साली घेतलेला एक संगणक आहे. त्यावर विंडोज १० होती. तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्या, आणि विंडोज ११ घालावी तर तिच्या यादीत आमचा प्रोसेसर बसत नाही. दुकानदाराने यंत्राकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, "सर, आता हा भंगारात द्या." नव्याची किंमत ऐकून भाचा गप्प बसला. त्या वर्षी ताईपाशी हा विषय काढण्यासारखी परिस्थिती नव्हती, आणि आमच्याकडेही मुलीच्या शिक्षणाचा खर्च दाराशी उभा होता.

जुन्या यंत्रावर लिनक्स घालता येते हे त्याला ठाऊक होते. लिनक्स ही लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली प्रणाली. ती कोणालाही विनामूल्य मिळते. पण भाच्याची अडचण निराळी होती. पुढे खेळ तयार करण्याच्या धंद्यात शिरावे, असे त्याने मनाशी धरले आहे. तो म्हणाला, "मामा, लिनक्स अभ्यासाला चांगलंच आहे. पण गेम त्याच्यावर धड पळत नाहीत. हळू चालतात."

ऐकले आणि मी चमकलो. मराठीच्या जागी फक्त लिनक्स हा शब्द बसविला होता, वाक्य तेच! मग मात्र हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचे मी ठरविले. काही भाच्याकडून कळले, काही वाचून कळले, आणि जे कळले ते या पानावर येणाऱ्या मंडळींच्याही उपयोगाचे आहे असे वाटते.

आधी वेग म्हणजे काय ते पाहू. सिनेमात दर सेकंदाला २४ चित्रे पडद्यावर येतात आणि आपल्याला माणसे चालताना दिसतात. खेळातही चित्रेच असतात. फरक एवढाच की, सिनेमाची चित्रे आधी काढून ठेवलेली असतात आणि खेळाचे प्रत्येक चित्र यंत्राला जागच्या जागी नव्याने काढावे लागते. कारण तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे त्याला आधी माहीत नसते. सेकंदाला ३० चित्रे निघाली तर खेळ चालण्याजोगा, ६० निघाली तर झकास, असा मुलांचा हिशेब आहे. ६० चित्रे म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग! एवढ्या वेळात झाड, सावली, पाणी, धूर, सारे काही काढून व्हायला हवे. या कामात कुठे कोणी थोडा रेंगाळला की पडद्यावर लगेच झटका बसतो.

आता यात भाषा कुठे आली? ती समजावी म्हणून मी भाच्याला आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शेतकऱ्याची मराठी. आजोबा सांगत की, कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसलेला असे. शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे मराठीत सांगावे, अर्जनवीसाने ते उर्दूत उतरवावे, आणि मग साहेबाने ते वाचावे. अर्जनवीस हुशार असेल तर काम एका फेरीत होई. तो कच्चा असेल तर तोच अर्ज तीन वेळा परत येई आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीच्या तीन खेपा होत. गाऱ्हाणे तेच, साहेबही तोच. वेळ खाल्ला तो मधल्या माणसाने.

संगणकात हाच प्रकार आहे. चित्रे काढणारी एक खास चिप असते. ती आपली साहेब. खेळाने तिला सांगायचे, "इथे भिंत काढ, तिथे सावली टाक." बहुतेक खेळ हे सांगणे विंडोजच्या भाषेत सांगतात, त्या भाषेचे नाव डायरेक्ट थ्रीडी. लिनक्सवर ती भाषा चालत नाही. तेथे पूर्वी ओपनजीएल होती आणि २०१६ पासून व्हल्कन नावाची नवी, अधिक मोकळी भाषा आली. तेव्हा विंडोजचा खेळ लिनक्सवर आणायचा, तर कोणाला तरी भाषांतर करणे भाग आहे.

भाषांतराच्या तऱ्हा आपल्याला मराठी रंगभूमीने केव्हाच दाखविल्या आहेत. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' मध्ये 'हॅम्लेट' मराठीत उतरविले. देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' करून त्याला इथल्या मातीत उभे केले. खेळांतही हे दोन्ही प्रकार आहेत. काही खेळ कारागीर मुळापासून उलगडतात आणि लिनक्ससाठी नव्याने बांधतात. 'डूम' हा गाजलेला खेळ १९९३ साली आला आणि पुढल्याच वर्षी त्याच कंपनीतल्या डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर आणला, तो असाच. दुसऱ्या प्रकारात मूळ खेळाला फारसा हात न लावता त्याच्यासोबत भाषांतराचा एक थर गुंडाळून देतात.

या दुसऱ्या तऱ्हेने २०१४ च्या मे महिन्यात एक पोलिश खेळ लिनक्सवर आला. 'द विचर २' हे त्याचे नाव. विंडोजवर सुरळीत पळणारा हा खेळ लिनक्सवर इतका अडखळू लागला की, पैसे देऊन घेणारे लोक संतापले. लिनक्सवर खेळ पळत नाहीत, या समजुतीला असल्या प्रसंगांनी खतपाणी घातले. गंमत अशी की, पुढे तोच थर दुरुस्त करण्यात आला आणि त्याच यंत्रांवर तोच खेळ पुष्कळ बरा पळू लागला. म्हणजे लिनक्स होते तिथेच होते. सुधारला तो अर्जनवीस.

याहूनही बोलके उदाहरण २०१२ चे आहे. व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने आपला 'लेफ्ट फोर डेड २' हा खेळ लिनक्सवर आणायला घेतला. पहिल्या दिवशी किती चित्रे निघावीत? सेकंदाला ६! कोणीही म्हणाले असते, गुंडाळा. पण त्या मंडळींनी चिकाटी धरली. खेळ लिनक्सच्या गाभ्याशी नीट जुळवून घेतला, ओपनजीएलशी बोलण्याची पद्धत सुधारली, आणि चिप बनविणाऱ्यांना हाताशी धरून त्यांच्या चालकप्रणालीतल्या, म्हणजे ड्रायव्हरमधल्या, उणिवा काढून टाकविल्या. त्या ऑगस्टमध्ये त्यांनी आकडे जाहीर केले: एकाच यंत्रावर विंडोज ७ वर २७०.६ चित्रे, आणि लिनक्सवर ३१५. सहावरून तीनशे पंधरा! आणि पुढचा भाग तर फारच मासलेवाईक आहे. आपला मूळ खेळ विंडोजवर मागे का पडला, याचा त्यांनी शोध घेतला. विंडोजवरही ओपनजीएलची वाट धरताच आकडा ३०३.४ वर गेला. भाषांतर करता करता मूळ लिखाणातले दोष सापडतात, हा अनुभव भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो यंत्रातही खरा ठरावा, याचा मला मोठा आनंद झाला.

मग सगळेच खेळ असे जीव ओतून का आणीत नाहीत? तर उत्तर साधे आहे, पैसा. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात लोकी नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांचे खेळ लिनक्सवर आणणे हाच तिचा धंदा. तिने कामे चांगली केली. पण गिऱ्हाईक थोडे आणि खर्च फार, त्यामुळे २००२ च्या जानेवारीत तिला टाळे लागले. तिथल्या सॅम लँटिंगा यांनी तयार केलेले एसडीएल हे साधन मात्र कंपनीच्या मागे राहिले आणि आजही असंख्य खेळ त्याच्या आधाराने चालतात. शिवाय खेळ एकदा आणून भागत नाही. मूळ खेळात बदल झाला की आणलेल्या खेळातही तो करावा लागतो. मोटारींनी फुटबॉल खेळायचा 'रॉकेट लीग' हा खेळ लिनक्ससाठी बांधलेला होता. २०२० साली त्याच्या मालकांनी ती आवृत्ती चालवणे बंद केले. दत्तक घेतलेले पोर अर्ध्यावर सोडावे, तसे झाले.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ केला. आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी आणि तिच्या पाठीशी दुर्गा, अशी त्याची कथा. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेन्डोच्या हातातल्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरात विंडोज व इतर यंत्रांवर. लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती त्यांनी काढली नाही. मूठभर माणसांची संस्था. तिने किती दारांसाठी किती किल्ल्या घडवाव्यात? तिला दोष देता येत नाही. पण मग केजच्या मुलाने पुण्याचा खेळ जुन्या यंत्रावर खेळायचा कसा?

इथे तिसरी तऱ्हा कामी येते, आणि हिच्यामुळेच गेल्या काही वर्षांत चित्र पालटले. ही तऱ्हा म्हणजे हजर दुभाष्या. खेळाला हातच लावायचा नाही. खेळ विंडोजच्या भाषेत बोलत राहतो आणि शेजारी उभा असलेला दुभाष्या ते त्याच क्षणी लिनक्सला सांगत जातो. वाईन नावाचा असा एक दुभाष्या १९९३ पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर वाढत आला. (नावावरून गैरसमज नको, आमच्या सौभाग्यवतींचा झाला होता.) त्याच्याच पायावर व्हॉल्व्हने २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन नावाची जोडणी खुली केली. डायरेक्ट थ्रीडीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके हा तिचा मुख्य भाग फिलिप रेबोले या तरुणाने रचला. आपल्याला आवडलेला एक खेळ लिनक्सवर खेळता यावा, एवढ्या इच्छेतून तो या कामाला लागला होता.

दुभाष्या म्हटला की वेळ जाणारच, असे आपण धरून चालतो. पण सेकंदाच्या साठाव्या भागात हजारो वाक्यांचे भाषांतर करूनही तो पुष्कळ खेळांत विंडोजच्या जवळपास राहतो, आणि क्वचित पुढेही जातो. त्याचे एक कारण म्हणजे त्याचा हा नेम: साहेबाला एकच वाक्य दोनदा सांगायचे नाही. खेळातल्या प्रत्येक सावलीचे, पाण्याच्या प्रत्येक लाटेचे एक सूत्र असते. त्याला शेडर म्हणतात. ते सूत्र चिपच्या खास भाषेत पहिल्यांदा उतरताना थोडा वेळ जातो आणि खेळ अडखळतो. एकदा उतरले की ते जपून ठेवले जाते. दुसऱ्यांदा अडथळा नाही. व्हॉल्व्हने २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हातातले यंत्र काढले. त्यातली सगळी यंत्रे सारखी, म्हणून ही उतरविलेली सूत्रे आधीच घरपोच पाठविता आली. त्याच महिन्यात आलेला 'एल्डन रिंग' हा खेळ विंडोजवरही मध्येच झटके देत होता; प्रोटॉनमध्ये थोडी डागडुजी झाल्यावर स्टीम डेकवर त्या झटक्यांचा त्रास कमी झाला.

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. खेळात एकाच वेळी अनेक कामे चालतात आणि ती एकमेकांची वाट पाहतात. ही वाट पाहण्याची विंडोजची एक रीत आहे, लिनक्सची दुसरी. दुभाष्याचा बराच दम या एका गोष्टीत जाई. २०२५ च्या मार्चमध्ये लिनक्सची ६.१४ ही आवृत्ती आली, तेव्हा विंडोजची ती रीत थेट लिनक्सच्या गाभ्यातच घेण्यात आली. एनटीसिंक असे तिचे नाव. म्हणजे त्या रीतीपुरते फिरवून सांगण्याचे काम संपले.

मराठीने हेच केले नाही का? अर्ज, वकील, तारीख, जमीन, हुकूम हे शब्द कचेरीतून आपल्या ओसरीवर आले आणि इथलेच झाले. १९४८ ला निजामी गेली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. पण आमचा शेतकरी आजही अर्जच करतो, आणि तो शब्द समजायला त्याला अर्जनवीस लागत नाही. भाषा अशी घेत घेत बळकट होते. ज्या अंबाजोगाईत मी राहतो, तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांनी वेदान्त मराठीत आणला, परंपरेप्रमाणे शके १११० मध्ये. वेदान्ताचे ओझे जिने पेलले तिला आता पदार्थविज्ञान झेपत नाही, असे कोणी म्हणाले की मी एवढेच विचारतो: आणणाऱ्याने किती कष्ट घेतले?

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. चढाओढीच्या काही खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसविलेला असतो. तो यंत्राच्या अगदी गाभ्यात शिरून पाहतो आणि लिनक्स दिसले की दारच बंद करतो. 'व्हॅलोरंट' हा असा एक खेळ. इथे दुभाष्याचा वेग कामाचा नाही. साहेबानेच भेट नाकारली आहे. ज्या मुलाचा जीव अशा एकाच खेळात अडकला असेल, त्याने हे आधी पाहून घ्यावे. तसेच, ज्या यंत्राची चित्रे काढण्याची कुवतच थोडी, ते विंडोजवरही हळू आणि लिनक्सवरही हळू. दुभाष्या कितीही चांगला असला, तरी बैलाचा घोडा करू शकत नाही.

आमच्या घरच्या यंत्राचे म्हणाल, तर भाच्याने एका रविवारी त्यावर लिनक्स घातले. मग मोटारींचा एक जुना खेळ प्रोटॉनवर लावला. पहिल्या फेरीत वळणावळणावर गाडी अडखळली. त्याचा चेहरा पडला. मी म्हटले, "दुभाष्याला एकदा पूर्ण ऐकू दे." दुसऱ्या फेरीत तीच वळणे, तोच धुरळा, आणि गाडी सरळ निघून गेली. पुढे 'राजी'ही त्याने लावून पाहिला. चित्रांची प्रत त्याला सर्वांत खालची ठेवावी लागली. पण तेव्हा त्याची चौकशीच बदलली होती. तो मला विचारीत होता, "मामा, हे भाषांतर करणाऱ्यांत आपल्यालाही काम करता येतं का?" येते. वाईनची आणि डीएक्सव्हीकेची सगळी रचना कोणालाही उघडून वाचता येते. त्याच भंगारात निघालेल्या यंत्रावर तो आता ती वाचीत बसलेला असतो.

तात्पर्य, तुमच्याही घरी एखादा संगणक दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जायच्या वाटेवर असेल, तर घाई करू नका. कोणत्या खेळाला दुभाष्या चालतो आणि कोणत्याला नाही, एवढे मुलांना आधी शोधायला सांगा, जुन्या फायलींची नक्कल काढून घ्या, आणि मग लिनक्स घालून पाहा. हळू चालले, तर नेमके कोण रेंगाळते आहे ते शोधा. प्रणालीला नावे शेवटी ठेवा.

भाऊबीजेला ताई आली तेव्हा तिला मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मुलाकडे पाहून एकच विचारले, "म्हणजे आता याच्यावर खेळ चांगले चालतात. मग अभ्यास कधी चालणार?"

या प्रश्नाचे भाषांतर करण्याची गरज पडली नाही. भाच्याने खेळ बंद केला आणि वही उघडली.